सुतक की सोयरीक

माझ्याकडे वाय गुणसूत्र नाही. बाईकडे ते नसतंच. तरी साताऱ्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात नोकरीभर मी ते फळ्यावर काढून दाखवलं. बाप ते मुलाला देतो, मुलगा त्याच्या मुलाला, आणि वाटेत ते फारसं बदलत नाही. म्हणून त्याच्या मागं मागं गेलं तर बापाच्या बाजूचं मूळ सापडतं. हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलं होतं की म्हणताना मनात भाजीचा विचार चालू असायचा. निवृत्त झाल्यावर मात्र याच वाय गुणसूत्रासाठी मला दोन घरच्या पुरुषांपुढं थुंकीची बाटली धरून उभं राहावं लागलं, आणि त्या वर्षात मला एक दिवस स्वस्थ बसता आलं नाही.

सुरुवात माझ्या भाचीनं केली. माझ्या थोरल्या भावाची, दादाची ही एकुलती मुलगी. सांगलीच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट आहे. एक दिवस भरदुपारी न कळवता साताऱ्याला आली, ओट्यापाशी उभ्या उभ्या पाणी प्यायली आणि म्हणाली, "आत्या, मला लग्न करायचंय. आणि आडनाव बदलायची गरज नाही."

मी आधी हसले. मग हातातलं उलथणं खाली ठेवलं.

मुलाचंही आमचंच आडनाव, म्हणजे तो औंधकडच्या घरातला. आमच्या आडनावाची माणसं त्या भागात दुसरीकडे कुठं नाहीत. आमच्या घराण्यात असं सांगतात की औंधच्या डोंगराखाली दोन भाऊ राहायचे. भांडण झालं, धाकटा उठून कृष्णाकाठाला आला आणि इस्लामपूरच्या अलीकडं त्यानं गाव धरलं. थोरल्याचे ते, धाकट्याचे आम्ही. दोघांची देवी औंधच्या डोंगरावरची यमाई, दोघांचं देवक कळंबाचं. आणि मुख्य म्हणजे दोघांना एकमेकांचं सुतक. भावकी कोण हे आमच्याकडे सुतकावरून कळतं. तिकडं कुणी गेलं की इकडं फोन येतो, आमच्या घरातली फोडणी बंद होते, देवाला हात लावत नाहीत, दहाव्याला आमचे पुरुष तिकडं जाऊन केस काढतात. आमच्यातलं कुणी गेलं की ते येतात. ज्याचं सुतक धरायचं त्याच्या घरात मुलगी द्यायची नाही. इतकं सरळ आहे ते.

मुलाचं यात काहीच चुकलेलं नव्हतं. त्याचे वडील लष्करात सुभेदार होते, त्यामुळं पोरगं जालंधर आणि झाशीच्या छावण्यांत वाढलं. आईचा गुडघा घेऊन सांगलीला आला, आणि गुडघा बरा होईपर्यंत दोघांचं जमलं. केसपेपरवर सारखं आडनाव बघून दोघं हसलीसुद्धा होती. गाव कुठलं हे विचारायचं त्यांना सुचलं तेव्हा उशीर झाला होता.

मी तिला घेऊन दादाकडं गेले. दादा ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं, मला त्याच्याशी भांडता येतं. तो म्हणाला, "सख्ख्या भावासंगं लावून दिऊ व्हय?" आणि पायात चपला घालून उसाकडं निघाला. मी बांधावरून त्याच्या मागं मागं चालत राहिले आणि बोलत राहिले. कधीच्या काळचे ते दोन भाऊ, मध्ये किती पिढ्या गेल्या, ते भाऊ होते हे तरी कुणी पाहिलंय.

"तू पायलंस का नव्हतं म्हणून?" त्यानं विचारलं.

माझा स्वभाव तापट आहे, आणि तापले की मी मास्तरीण होते. मी म्हटलं, हे बघता येतं. तुझी थुंकी घ्यायची, त्यांच्यातल्या एकाची घ्यायची, दोन्ही प्रयोगशाळेत पाठवायच्या. मूळ बाप एक असेल तर वाय जुळेल, नसेल तर नाही जुळणार.

दादा थांबला. उसाच्या पाल्यानं कापलेला हात त्यानं विजारीला पुसला. मग सावकाश म्हणाला, "ठीक. जुळलं तर तिनं पुन्यांदा त्या पोराचं नाव काडायचं न्हाई. न्हाई जुळलं तर मी सोताहून लगीन लावून दीन. सांग तिला."

घरी येऊन तिला सांगितलं. ती लगेच हो म्हणाली. आत्या सांगतेय म्हणजे काहीतरी ठाऊक असणार, असं तिला वाटलं. मला काहीही ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे त्या दोन भावांच्या गोष्टीवर लहानपणापासून माझा पुरता विश्वास होता. साताऱ्याला परत येताना एसटीत हे माझ्या ध्यानात आलं. पोरीचं लग्न मी एका बाटलीवर लावून बसले होते, आणि बाटलीत काय निघणार ते मला वेगळं वाटत नव्हतं.

दादानं पहिली बाटली वाया घालवली. सूचनेत लिहिलं होतं की अर्धा तास आधी काही खाऊ नये. दादानं खाल्लं काहीच नाही. पण एवढा मोठा निवाडा, म्हणून त्यानं अंघोळ केली, यमाईपुढं हात जोडले, अंगारा जिभेवर ठेवला, आणि मग शपथ घेतल्यासारखा थुंकला. वहिनीनं ते मला कौतुकानं फोनवर सांगितलं तेव्हा बाटली कुरिअरनं गेली होती. काही आठवड्यांनी उत्तर आलं की नमुना वापरता येत नाही. मी दादाला फोनवर नको ते बोलले. तो म्हणाला, "देवीला न इचारता कसं थुकायचं?" दुसऱ्या वेळी मी स्वतः समोर बसले, त्याला चूळ भरायला लावली आणि देव्हाऱ्याचं दार लावून घेतलं.

तिकडच्या घरी सुभेदार तयार होते. पण त्यांचे वडील, ज्यांना आम्ही तात्या म्हणतो, ते पुढं झाले. घराचं रक्त बघायचं तर थोरल्याचं बघा, पोराचं लष्करानं सगळं बघून झालंय, असं त्यांचं म्हणणं. नव्वदीच्या घरातला माणूस, तोंड कोरडं पडलेलं. बाटलीतली रेघ काही केल्या भरेना. शेवटी सुभेदारांच्या बायकोनं चिंच आणून त्यांच्या डोळ्यांसमोर सोलली. तात्या तिच्याकडं बघत राहिले आणि बाटली भरली. मग चिंच मागून घेऊन खाल्ली.

या तात्यांबद्दल सांगायला हवं. आमचे वडील गेले तेव्हा दादा दहावीत होता आणि मी त्याहून लहान. रान पडून राहिलं होतं. तात्या औंधकडून बैलजोडी हाकत आमच्या गावापर्यंत आले, पाऊण महिना राहिले, नांगरट केली, उसाची लागण करून दिली आणि दादाला कॉलर धरून शाळेत पाठवलं. पुढं कितीतरी वर्षं लागणीला ते यायचे. आईनं आभार मानायला तोंड उघडलं की म्हणायचे, भावकी हाय, उपकार न्हाई. दादानं बाप म्हणून ज्याचं ऐकलं तो माणूस हा. म्हणून दादा भावकी म्हणायचा तेव्हा मला रागही यायचा आणि पुढं बोलताही यायचं नाही.

निकाल यायला वेळ लागला. त्या दिवसांत भाची रोज संध्याकाळी फोन करायची आणि निकालाबद्दल अवाक्षर काढायची नाही. जेवलीस का, पाऊस आहे का, असलं काहीतरी विचारायची. मी घरात येरझाऱ्या घालायचे. नवरा म्हणाला, बस जरा, फरशी झिजेल. मी त्याच्यावरच खेकसले. कपाट आवरायला काढलं आणि अर्धं सोडून दिलं. डाळ दोनदा निवडली. दर तासाला मेल उघडून बघायची सवय लागली.

निकाल आला तेव्हा मी मंडईत होते. भाजीवालीच्या शेजारच्या पायरीवर बसून फोनवर वाचला. जुळत नव्हतं. थोडं इकडचं तिकडं असं नाही, अजिबात जुळत नव्हतं.

दादाचं निघालं आर गटातलं. त्या फांदीचे पुरुष आपल्याकडे आहेत, तसेच पामीरच्या डोंगरात आहेत, किर्गिझ लोकांत आहेत, रशियात आहेत, पार पोलंडपर्यंत आहेत. कधीतरी हजारो वर्षांपूर्वी मध्य आशियाच्या गवताळ प्रदेशातून कुणी पुरुष निघाला, त्याच्या मुलांची मुलं खाली उतरत राहिली, आणि त्यातला एक आमच्या बांधावर उसाला पाणी पाजत होता. तात्यांचं निघालं एच गटातलं, जे याच भूमीत फार फार जुनं आहे. दोघांचा सामाईक बाप शोधायचा तर चाळीस-पन्नास हजार वर्षं मागं जावं लागेल. तेव्हा औंधही नव्हतं आणि भांडणारे दोन भाऊही नव्हते.

मला नाचावंसं वाटलं. तिथल्या तिथं भाचीला फोन लावला. ती हसली, रडली, मग म्हणाली, "पप्पांना तू सांग."

दादाला सांगायला गेले तेव्हा मी नकाशा छापून नेला होता, बाण काढलेला. दादानं तो उलटा धरला, मग सरळ केला. पोलंडवर बोट ठेवून विचारलं, ही माणसं काय पिकवतात. मी म्हटलं, बटाटे असतील. गावात ही गोष्ट दोन दिवसांत पसरली, आणि पाण्याच्या पाळीवर त्याला लोक म्हणायला लागले, गड्या, रशियाच्या पाव्हण्यांना जत्रंला बलीव की. तो हसून घ्यायचा. घरी आला की आरशापुढं उभा राहून स्वतःचं नाक बघायचा. एकदा मला म्हणाला, "म्हंजे आमी औंधचं न्हाईच. मग एवडी वर्सं डोंगर चडलो त्यो कुनाचा?"

मी समजावलं. कुणी दत्तक आलं असेल, कुणी घरजावई राहिला असेल, दोन वेगळी घरं शेजार करून भाऊ झाली असतील. यात खोटं कुणीच नाही. शिवाय हा एकच धागा आहे, बापाच्या बापाच्या बापाचा. आपली आई, तिची आई, बाबांची आई, या सगळ्या त्या निकालात कुठंच नाहीत, तरी आपण त्यांचे आहोतच ना? हे बोलताना माझा आवाज चढला, कारण ते मला मनापासून खुपत होतं. मीही त्यात नव्हते. मी एका भावकीतून उठून दुसरीत गेले आणि दोन्हीकडं सुतकं पाळली. मला कुणी माझ्या रक्ताचं विचारलं नाही.

दादा म्हणाला, "शब्द दिलाय, त्यो दिलाय. पर आदी तात्याला इचारतो."

आम्ही दोघं गेलो. तात्या खाटेवर होते, पायावर घोंगडं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. पोलंडचं ऐकताना डोळे मिटले होते, मला वाटलं झोप लागली. मग म्हणाले, "रगात वायलं निघालं. बरं. पर तुज्या बापाच्या दहाव्याला मी केस काडलं ते खोटं व्हतं व्हय?"

दादानं त्यांच्या पायावरून घसरलेलं घोंगडं वर ओढलं.

"पोरीच्या आड मी न्हाई येत," तात्या म्हणाले. "पर एक ध्यानात ठिवा. सुतक धरायचं आसंल तर लगीन न्हाई. लगीन करायचं आसंल तर सुतक सोडायचं. दोनी हातात लाडू न्हाई मिळत. आदी काय सोडायचं ते ठरवा, मग सुपारी फोडा."

परतीच्या वाटेवर दादा एकच वाक्य बोलला. तात्याचं सुतक मी कसं सोडू, असं. मी म्हटलं, तात्या अजून धडधाकट आहेत.

मग नुसते महिने गेले. दादा नाही म्हणेना आणि सुपारीही फोडेना. कारखान्याला ऊस जाऊ दे म्हणाला. ऊस गेला. मग तुटलेल्या उसाचा खोडवा राखायचा होता, मग बोअरची मोटर जळाली. मी फोन केला की शेतातनं आवाज येत नाही म्हणायचा. भाचीनं संध्याकाळचे फोन कमी केले. मुलाच्या घरून कुणी घाई केली नाही, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. दादाच्या मनात काय चाललंय ते मला कळत होतं. लग्नाला तो हो म्हणाला असता तर त्याच दिवशी तात्या त्याचे कुणी राहिले नसते, आणि तात्या अजून जिवंत होते.

तात्या झोपेतच गेले. सुभेदारांनी दादाला पहाटे फोन केला. भावकीला असा फोन येतो तेव्हा सुतक आलंय म्हणून सांगतात. सुभेदार तसं म्हणाले नाहीत. म्हणाले, "तात्या गेले. पुढं काय करायचं ते तुमी ठरवा." माणूस सरळ, त्यांनी कुठलंच ओझं इकडं ढकललं नाही. दादा मातीला जाऊन आला. मातीला कुणीही जातं, त्यानं काही ठरत नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनीचा मला फोन. तिनं सकाळी दादाला विचारलं होतं, कालवणाला फोडणी घालू का नको? घातली तर सुतक नाही, नाही घातली तर आहे. दादा उठला आणि रानात जाऊन शेंगा भाजून खाल्ल्या. तिसऱ्या दिवशीही तेच. वहिनी बिचारी चटणी-भाकरी करायला लागली, म्हणजे प्रश्नच नको. मी इस्लामपूरची गाडी धरली.

दादाची दाढी वाढली होती. देव्हाऱ्याचं दार पुढं ओढलेलं होतं, पण कडी लावलेली नव्हती. मला बघून म्हणाला, "तुजं शास्त्र फोडणीबद्दल काय म्हणतं?" मला त्याचा राग आला नाही, मला रडू आलं. हे सगळं मी सुरू केलं होतं. वाय जुळलं नाही तर सुटका होईल असं मला वाटलं होतं. सुटका पोरीची होणार होती, आणि तिच्यासाठी दादाला बाप सोडावा लागणार होता. मी म्हटलं, तुला जमत नसेल तर नको. पोरीला मी सांगते. तिला दुसरं स्थळ बघू.

त्यानं दाढीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "ती कायबी म्हणली न्हाई मला. येक शब्द न्हाई." आणि उठून गोठ्यात गेला.

दहाव्याला आम्ही गेलो. दादा, वहिनी आणि मी. भाची सांगलीतच थांबली, तिनं तिथं येणं बरं दिसलं नसतं. दादाच्या हातात कापडी पिशवी होती. मला वाटलं, अंघोळीनंतर घालायचे कपडे असतील. सुतकाचे पुरुष केस काढून तिथंच अंघोळ करतात.

ओढ्याकाठी भावकी ओळीनं बसली होती. वस्तारा या टोकापासून चालत येत होता. सुभेदारांचं डोकं झालं होतं, मुलाचं झालं होतं. आमच्या गावातनं आलेले चुलतभाऊही जाऊन ओळीत बसले. त्यांना त्या निकालाशी काही देणंघेणं नव्हतं. वहिनीनं माझा हात धरला. तात्यांच्या चुलतभावांतल्या एका म्हाताऱ्यानं दादाला बघून सरकून जागा केली आणि म्हणाला, "ये रं, बस हितं."

दादा जागचा हलला नाही. टोपी काढली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "आमी सोयऱ्यात हाय."

म्हाताऱ्यानं थोडा वेळ ती जागा तशीच रिकामी ठेवली, मग शेजारचा माणूस सरकला. दादा चालत पलीकडं गेला, जिथं सोयरे उभे होते, सुभेदारांचे मेहुणे, जावई, लेकीच्या घरची माणसं. त्यांच्यात जाऊन उभा राहिला. त्यातल्या एकालाही तो नीट ओळखत नव्हता.

केस झाले, अंघोळी झाल्या, पिंड ठेवले. मग सोयऱ्यांना आहेरासाठी हाक आली. दुखवट्याचा आहेर सोयऱ्यानंच करायचा असतो, भावकी भावकीला करत नाही. दादानं पिशवीतनं टॉवेल-टोपी काढली. टॉवेल सुभेदारांच्या खांद्यावर टाकला, टोपी त्यांच्या ताज्या काढलेल्या डोक्यावर ठेवली. आता सोयऱ्यानं म्हणायचं असतं, झालं ते झालं, आता रडू नका. दादाचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्याचे खांदे हलायला लागले. सुभेदारांनी त्याला दोन्ही हातांनी धरलं आणि ते वाक्य त्यांनीच त्याला म्हटलं.

पुसेसावळी गाव मागं पडलं. दादा पुढच्या सीटवर होता. मग त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली.

"माज्या डोक्यावर तात्याचा हक्क हुता गं," तो म्हणाला. "त्यो मी आज पोरीला दिला."

मी म्हटलं, तिला कळवूया का? मी लावते फोन. त्यानं मान हलवली आणि स्वतःचा फोन काढला. नंबर दुसऱ्या वेळी लागला. तिकडनं तिनं काय विचारलं ते मला ऐकू आलं नाही. दादा म्हणाला, "तुज्या सासरी दुखवटा दिऊन आलो, बाळा."